चौदावा नमुना

"ते खाली ठेव. आत्ताच्या आत्ता."

ताईचा आवाज अगदी बारीक झाला होता, म्हणून मी घाबरलो. माझी ही थोरली बहीण रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. मी तिच्या शिलाई मशीनखाली उताणा पडलो होतो. तेलाची कुपी कलंडली होती आणि शेजारच्या टोपलीतून हाताला लागलं ते फडकं घेऊन मी तेल टिपत होतो. छत्तीस वर्षं मी शिलाई मशीनं दुरुस्त करतोय. मशीनमधलं कळतं तितकंच मला फडक्यांतलंही कळतं, आणि हे फडकं अव्वल होतं.

"काय पितं गं हे कापड," मी खालूनच म्हणालो. "अर्धी कुपी प्यायलं, आणि मागून बघ, कोरडं ठणठणीत. असली चार-पाच दे मला दुकानासाठी."

"तो चौदावा होता," ताई म्हणाली.

"कशाचा चौदावा?"

ताई स्टुलावरून उठली. उठताना तिनं अर्धवट वळून स्टुलाकडे एकदा पाहिलं. ही तिची जुनी खोड. खुर्ची असो, बाक असो, पायरी असो, उठली की मागे बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकायची नाही. "काय गं, मोहरा सांडल्या का?" असं मी तिला पोरवयापासून चिडवत आलो होतो. माझ्या बायकोलाही हीच खोड होती आणि तिलाही मी असंच चिडवायचो. बायका वेंधळ्या, जिथे बसतील तिथे काहीबाही विसरतात, असा माझा आपला पक्का समज होता.

ताईनं माझ्या हातातून ते फडकं ओढून घेतलं, उलगडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. ते फडकं नव्हतंच. ती चड्डी होती.

"भिंगरीसाठी शिवलेली," ताई म्हणाली. "महिन्याच्या त्या दिवसांत घालायची. धुवायची, वाळवायची, परत घालायची. दीड महिना खपतेय मी यावर. आणि तू तिनं तेल पुसलंस."

मी ताडकन उठायला गेलो आणि मशीनच्या टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. ताईनं 'लागलं का' असंही विचारलं नाही.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता सत्तावीस वर्षांची आहे आणि बस चालवते. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. ताई वरच्या मजल्यावर, आम्ही बापलेक खाली. मी तिला दुचाकी शिकवली, गिअर शिकवले, पाना धरायला शिकवला. बाकीचं सगळं ताईनं शिकवलं. बाकीचं म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही.

दोनच दिवसांपूर्वी माझं आणि भिंगरीचं वाजलं होतं. चार वर्षं ती शहरातल्या शहरात गाडी फिरवत होती आणि लांबच्या गाडीसाठी जीव टाकत होती. घाटाची, नदीवरच्या मोठ्या पुलाची, नऊ तासांची गाडी. तिच्या डेपोत त्या गाडीवर आजवर एकही बाई बसली नव्हती. अखेर हुकूम आला, वीस तारखेपासून. आणि ही म्हणते, पंधरा तारखेच्या आत नकार लिहून देणार.

"का?" मी विचारलं.

"नाही जमणार मला."

"का नाही जमणार?"

"बाबा, सोडा ना."

मी सोडलं नाही. जीभ सुटली की माझं भान सुटतं. "लांबची गाडी हाकायला छाती लागते," मी म्हणालो. "नसेल तर तसं सांग. कारणं देऊ नकोस." ती ताटावरून उठून गेली आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

आता ताई ते तेलकट कापड हातात धरून बसली आणि म्हणाली, "खरं कारण ऐकायचंय तुला? ऐकवेल?"

मी डोकं चोळत टेबलाखालून बाहेर सरकलो, तेव्हा तिनं सांगितलं. भिंगरीला त्या दिवसांत फार जातं. डॉक्टरला दाखवून झालं, गोळ्या झाल्या. काही बायकांचं असतंच असं, एवढंच त्यांनी सांगितलं. दुकानातले पॅड तिला चार तास पुरत नाहीत. इंजिनाशेजारी बसून ते सरकतात, घड्या पडतात, मांड्या सोलून निघतात. आणि बदलायचे कुठे? मधल्या थांब्यांवर धड आडोसा नाही. चार महिन्यांपूर्वी गाडी डेपोत लावून ती उतरली आणि सीटवर डाग. पुढच्या पाळीच्या ड्रायव्हरसाठी कंडक्टरनं त्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जरा बघून बसा हो." दुसऱ्या दिवशी ते सीटचं कव्हर धुऊन डेपोच्या फाटकाच्या कमानीवरच वाळत घातलेलं होतं. ती त्याच्याखालून कामावर गेली.

"आणि तू तिला छाती विचारतोस," ताई म्हणाली.

खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि ती लाज मी अजून बाळगून आहे.

ताईनं ते कापड टेबलावरच्या वर्तमानपत्रावर टाकलं आणि टोपली माझ्यापुढे पालथी केली. आधीचे तेरा नमुने बाहेर पडले. प्रत्येकावर पांढऱ्या दोऱ्यानं आकडा घातलेला. मला ते बघायला संकोच वाटत होता, म्हणून मी कारागीर झालो. कारागीर झालं की संकोच जातो. मी शिवण बघायला लागलो.

ताई गणवेशाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कापड बेतायची. तिथं तिला कुणी बाई म्हणायचं नाही, मास्तर म्हणायचे. बसच्या गणवेशाची ती फिकट निळी पँटसुद्धा तिनंच बेतलेली. "हजारो कापल्या मी," ती म्हणाली. "तो रंग बाईच्या अंगावर जाईल, हे एकदाही मनात आलं नाही. मी स्वतः बाई असून."

पहिला नमुना उशीसारखा जाड. त्यात बसून गाडी चालवायची म्हणजे डोकं छताला लागायचं. तिसऱ्याचं कापड पाणी प्यायचं पण दाबलं की ओकायचं. आठवा भिंगरीनं गेल्या महिन्यात घालून बघितला होता आणि तो मागून गळला होता. त्या आठव्यापाशी ताई दोन दिवस अडून बसली होती म्हणे. मग तिला गोम कळली.

"आपण माप घेतो उभ्या माणसाचं," ती म्हणाली. "आणि ही पोरगी दिवसभर बसलेली. उभ्याला पाणी खाली जातं, बसल्यावर मागे जातं. अठ्ठावीस वर्षं उभ्या माणसांसाठी कापत आले, डोळ्यांवर झापडं होती."

तिनं मग भिंगरीला खुर्चीवर बसवलं, हातात स्टिअरिंग म्हणून जेवणाचं ताट दिलं, पायाखाली ब्रेक म्हणून वीट ठेवली आणि बसल्या जागी अंगावर कागद लावून बेत काढला. नववा, दहावा, अकरावा त्या कागदावरून शिवले. आत तीन थर. वरचा मऊ सुती, मधला पिणारा, खालचा रेनकोटच्या जातीचा, अडवणारा. मागची बाजू लांब, कडा वर उचललेली. तपासायला पाण्यात पातळ खळ आणि लाल शाई, कारण साधं पाणी रक्तापेक्षा पातळ. औषधाच्या झाकणानं मोजून ती ते ओतायची, खाली टीपकागद ठेवायची आणि घड्याळ लावून स्वतः वर बसायची. मागच्या आठवड्यात मी वर आलो तेव्हा ताई दोन तास स्टुलावरून हलली नव्हती आणि मी म्हटलं होतं, "काय गं, अंडी उबवतेस का?" आता कळलं, ती चौदाव्यावर बसली होती. टीपकागद कोरडा निघाला होता. आज संध्याकाळी तो भिंगरीच्या हातात द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

मी हे ऐकत होतो आणि मला गहिवरून आलं. जगातली मोठमोठी मशीनं मी उघडून बघितली आहेत. ज्यांनी ती रचली त्यांच्यापुढे मनातल्या मनात हातही जोडले आहेत. इथे माझ्या डोक्यावर, एका मजल्यावर, माझी बहीण वीट आणि ताट घेऊन असलं काही रचत होती आणि मी खाली बसून रेडिओ ऐकत होतो.

"ताई, एक बघू का?" मी म्हणालो आणि वर्तमानपत्रावरचा चौदावा उचलला.

खाली कागदावर तेलाचे ठिपके उमटले होते. सांडल्यासारखे नाहीत. एका ओळीत, सारख्या अंतरावर, मुंग्यांच्या रांगेसारखे. मघाशी कापड मागून कोरडं होतं. आता नव्हतं.

ताईनं चष्मा लावला. कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला. मग चौदावा त्यावर ठेवून बघितला. ठिपक्यांची ओळ आणि टिपेची ओळ बरोबर एकावर एक बसली.

"माझी वरची टीप," ती म्हणाली.

तिची वरची टीप म्हणजे काय हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आतून शिवण झाली की सगळे थर एकत्र बसावेत म्हणून वरून एक शेवटची टीप मारतात. ताईची ती टीप फूटपट्टीनं आखल्यासारखी यायची. कारखान्यात नवी मुलगी आली की तिला आधी मास्तरांची टीप दाखवायचे. चौदाव्याला तिनं मायेपोटी एक सोडून तीन वरच्या टिपा घातल्या होत्या, मधोमध, देखण्या. आणि टाका म्हणजे शेवटी भोकच. शेकडो भोकं तिनं त्या अडवणाऱ्या कापडाला स्वतःच्या हातानं पाडली होती. खळीचं पाणी दोन तासांत त्यातून उतरलं नाही. तेल चिवट, ते वाट शोधतं. सहा-सात तासांनी रक्तानंही शोधली असती, घाटात, भर गाडीत.

ताई बराच वेळ त्या टिपेवरून अंगठा फिरवत होती.

"सगळ्यांत चांगलं काम केलं ना मी," ती म्हणाली, "तिथंच गळलं."

मग तिनं कात्री घेतली आणि टीप उसवायला बसली. तिला रडू येतंय का, हे मी बघितलं नाही. काही गोष्टी बघू नयेत, इतकं मला छप्पन्नाव्या वर्षी कळायला लागलं होतं.

त्यानंतरचे पाच दिवस मी दुकान अर्धा दिवसच उघडलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, घरी काम निघालंय. खोटं नव्हतं. ताईनं टीप मधून काढून टाकली. पिणारे थर आधी वेगळे शिवायचे, त्यांची लांबट जीभ करायची आणि ती फक्त पुढच्या टोकाला जोडायची, बाकी मोकळी. अडवणाऱ्या कापडाला मधे सुईचा स्पर्शसुद्धा नाही, जोड फक्त कडेनं, जिथे ओल पोहोचतच नाही तिथे. मोकळ्या जिभेचा आणखी एक फायदा तिनं सांगितला. धुतल्यावर ती बाहेर काढून उन्हात धरता येते. सगळं एकत्र शिवलेलं दोन दिवस दमट राहतं, हे तीन तासांत वाळतं.

"आम्ही काय करायचो, ठाऊक आहे?" वाळत घातलेल्या तुकड्यांकडे बघत ती म्हणाली. "दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवायचो. ऊन लागायचं नाही. ओलंच परत घ्यायचो. खाज, पुरळ, सगळं सोसायचं. तुझ्या बायकोनंही तेच केलं. दोरीवर तुझे शर्ट असायचे ना, त्यांच्याखाली."

माझे शर्ट. मला वाटायचं, ती माझे शर्ट दोन-दोन दिवस दोरीवरून का काढत नाही. आळशी म्हणालो होतो मी तिला.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. ताईच्या मशीनवर सोळा नंबरची सुई होती, जाड कापडाची. मी ती काढून नऊ नंबरची घातली, केसासारखी. दोऱ्याचा ताण इतका सैल केला की टाका कापडाला चावणार नाही, नुसता धरून ठेवील. सुईखाली कापड पुढे ओढणारे दातरे घासून गुळगुळीत केले. पंधराव्यापासून अठराव्यापर्यंत चारही तेलात नापास झाले. तपासणी आता तेलानंच करायची, हे ताईनं ठरवून टाकलं होतं. "तू पुसलंस ते बरं झालं," एवढंच एकदा म्हणाली. माझ्यासाठी ते पदक होतं.

एकोणिसावा आम्ही सकाळी तेल ओतून कागदावर ठेवला आणि त्यावर ताई बसली. दुपारी मी बसलो. हो, बसलो. ताईचे गुडघे धरले होते. सात तासांनी कागद उचलला तेव्हा तो दुकानातून आणल्यासारखा कोरा, कडेला एक ठिपका नाही. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या कागदाकडे बघत नुसती उभी राहिलो. मला वाटलं, देवळात उभं राहावं तसं वाटतंय. तसं ताईला म्हणालोही. ती म्हणाली, "पुरे. अजून पाच शिवायच्यात."

त्या दिवशी चौदा तारीख होती. भिंगरी कामावरून आली तेव्हा नकाराचं पत्र तिच्या पिशवीत होतं, मला माहीत होतं. ताईनं घडी तिच्या हातात दिली आणि सगळं समजावून सांगितलं. भिंगरीनं जीभ बाहेर ओढून बघितली, कड चिमटीत धरून ताणली.

"आत्या, अजून माझी तारीख यायचीय," ती म्हणाली. "घालून बघायला वेळच नाही. बरोबर वीसच्या आसपास येणार."

"तेच ना," ताई म्हणाली. "आमच्या शब्दावर जावं लागेल तुला."

भिंगरीनं जीभ आत सारून पुन्हा घडी घातली. मी दाराशी उभा होतो. माफी मागायची होती आणि मला ती मागता येत नाही. आमच्या घरात कुणी शिकवलीच नाही.

"सुई नऊ नंबरची घातलीय," मी म्हणालो. "ताण सैल ठेवलाय. मधे एकही टाका नाही. गळणार नाही, बाळ."

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. आधी तिच्या लक्षात आलं की मला सगळं ठाऊक आहे, आणि तिचा चेहरा लाल झाला. मग आणखी काहीतरी लक्षात आलं असावं. "तुम्ही ताण लावलात?" तिनं विचारलं.

"मग काय. मेकॅनिक आहे मी."

ती हसली आणि डोळे पुसत आत गेली. पत्र तिनं फाडलेलं मी पाहिलं नाही, पण पंधरा तारीख आली आणि गेली.

वीस तारखेला पहाटे सहाची गाडी. ताईनं आणि मी रीतसर तिकिटं काढली, तिसऱ्या रांगेत. फिकट निळ्या पँटमध्ये भिंगरी डेपोतून चालत आली. त्या फाटकाखालून आली. चढण्याआधी माझ्यापाशी थांबली आणि अगदी साध्या आवाजात, गाडीत डिझेल भरलंय असं सांगावं तसं, म्हणाली, "आज दुसरा दिवस आहे, बाबा."

उभ्या आयुष्यात कुठल्याही बाईनं मला हे सांगितलं नव्हतं. आईनं नाही, बहिणीनं नाही, बायकोनं नाही. मी मान हलवली. "आरशावर धूळ आहे, पुसून घे," म्हणालो, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

नऊ तास मी रस्ता पाहिलाच नाही. पोरीची पाठ पाहिली. घाटात तिनं गाडी अशी वळवली की शेजारच्या बाईच्या मांडीवरचं झोपलेलं पोर जागं झालं नाही. मधल्या थांब्यावर ती उतरली, पाणी प्यायली, टायरांवर हात मारून बघितला आणि वर आली. पुलावर पाणी दोन्ही बाजूंनी पसरलं होतं आणि ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसली होती. सहावा तास गेला. सातवा गेला. ताई माझ्या शेजारी हाताच्या मुठी वळून बसली होती. ती मनात टाके मोजत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं.

तीन वाजता गाडी शेवटच्या स्थानकात लागली. इंजिन थांबलं. भिंगरीनं चावी काढली, पाणी प्यायच्या बाटलीचं झाकण लावलं, उठली आणि दार उघडून उतरली. मागे पाहिलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. तिनं सीटकडे एकदाही वळून पाहिलं नाही. खाली उभी राहून ती स्थानकाच्या माणसाशी बोलू लागली, पाठ आमच्याकडे करून. फिकट निळी पँट स्वच्छ होती. तिची सीटही.

"ताई, बघ," मी म्हणालो.

"बघितलं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण रागाचा नव्हता.

गाडी रिकामी झाली तेव्हा ताई उठली. पुढच्या सीटची दांडी धरून उभी राहिली, आणि अर्धवट वळून तिनं आपल्या जागेकडे एकदा पाहिलं.

ताई बासष्ट वर्षांची आहे. बारा वर्षं झाली तिचं सगळं थांबून. सीट कोरडी होती, तिच्यावर खिडकीतून ऊन पडलं होतं. तिला स्वतःलाही कळलं नाही की तिनं पाहिलं.

मी चिडवलं नाही. तिची पिशवी घेतली, तिला आधी उतरू दिलं, आणि स्थानकभर तिच्या पाठीमागे, दोन पावलांवर, चालत राहिलो.